खोगीरभरती : शब्द आणि हत्यारे

मराठीत ‘खोगीरभरती’ म्हणजे निव्वळ संख्या किंवा आकार वाढविण्यासाठी केलेली निरुपयोगी भर. पु. ल. देशपांडे यांच्या विनोदी लेखसंग्रहाचे नावही याच रूढ अर्थामुळे खुलते. शब्दाचा वाच्यार्थ मात्र खोगिरात लोकर, केस वा गवत भरणे असा आहे. या दोन अर्थांमधील अंतर तपासणे, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारातील बहुभाषिकतेचे दर्शन जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त घडते; वि. का. राजवाडे यांनी तो ग्रंथ 1922 मध्ये प्रसिद्ध केला. पागेची परिभाषाही अशीच अनेक भाषांतून आलेली दिसते. मराठी ‘पलाण’ आणि कन्नड ‘पल्लण’ वा ‘हल्लण’ यांचे मूळ संस्कृत ‘पर्याण’ या शब्दात आहे. ‘जीन’ व ‘खोगीर’ हे फारसी शब्द असून ‘खोगीर’ म्हणजे मुळात घाम टिपणारे. जीन करणारा तो ‘जीनगर’. ही संज्ञा पुढे एका समाजाचे नाव झाली. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ शिवकाळात सिद्ध झाला, तरी हे शब्द लोकव्यवहारात टिकून राहिले.

1809 मध्ये बंगळुरात इंग्रजांची छावणी वसली आणि इंग्रजी घडणीचे जीन तेथील पागांत वापरात आले. त्याच्या खालच्या बाजूस, घोड्याच्या कण्याच्या दोहो अंगांना, लोकर भरलेल्या दोन गाद्या असतात. वापराने लोकर दबते, तिच्या गाठी होतात. म्हणून कारागीर वाकविता येणाऱ्या पट्टीने पाठीचा आकार घेऊन कागदावर उतरवितो. गादीची शिवण उसवून, टोकाशी खाच असलेल्या लांब सळईने तो लोकर थोडीथोडी आत सारतो. लांब आरी कातड्यातून खुपसून गाठी मोकळ्या करतो. लाकडी ठोकणीने भर सारखी करतो. शेवटी दाभण व मेण लावलेला दोरा घेऊन तोंड शिवतो. भर कमी पडली तर जिनाचा सांगाडा पाठीवर टेकतो. जास्त झाली तर जीन डुलते. दोन्ही प्रकारे पाठ सोलवटते, आणि असा घोडा स्वाराच्या उपयोगाचा राहत नाही. लोकरीच्या जिनाची ही दुरुस्ती आजही हातानेच होते.

कारागिराच्या दृष्टीने, तेव्हा, भरती ही जिनाची सर्वांत जोखमीची बाब ठरते. भाषेने मात्र तिला निरर्थकतेचे प्रतीक केले. इंग्रजीतील ‘पॅडिंग’ या शब्दालाही लेखनाच्या संदर्भात अशीच हीनता आली आहे. दोन्ही रूपके वरून पाहणाऱ्याची आहेत. आतील लोकर त्याला दिसते, तिच्यावर पडणारे ओझे दिसत नाही. शब्दांच्या प्रवासाबरोबर हत्यारांचाही मागोवा घेतला, तर रूपक कोणाच्या नजरेतून घडले हे कळते. आणि एखाद्या ग्रंथातील मजकुराला ‘खोगीरभरती’ म्हणण्यापूर्वी तो कोणता भार पेलतो आहे, हे पाहण्याची सावधगिरीही येते.