बकल

बकल : पट्ट्याची दोन टोके एकमेकांत अडकवून ठेवणारी धातूची चौकट. मराठी तोंडात हा शब्द बहुधा ‘बक्कल’ असाच येतो. चौकटीच्या एका दांडीवर काटा सैल बसवलेला असतो. पट्टा चौकटीतून ओवून ओढला की काटा भोकात शिरतो आणि हात सोडताच पट्टा उलट खेचला जाऊन काट्याचे टोक चौकटीवर टेकते. पट्ट्यावर जितका ताण, तितकी पकड घट्ट. स्प्रिंग नको, कळ नको. काट्याला इंग्रजीत ‘टंग’, म्हणजे जीभ, म्हणतात आणि योगायोग असा की खुद्द ‘बकल’ शब्दाचे मूळही चेहऱ्यातच आहे.

लॅटिनमध्ये ‘बुका’ म्हणजे गाल, विशेषतः फुगवलेला गाल. त्याचे लघुरूप ‘बुकुला’, इवलासा गाल. रोमन सैनिकाच्या शिरस्त्राणाचा गालावर येणारा भाग या नावाने ओळखला जाई, आणि ढालीच्या मध्यावरचा फुगीर उंचवटाही. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘बोक्ल’ झाले. आधी तो ढालीचा उंचवटा होता, पुढे पट्ट्याची कडी. चौदाव्या शतकापर्यंत हा दुसरा अर्थ इंग्रजीत रुळला होता. ढालीची आठवण मात्र पुसली गेली नाही. लहान गोल ढालीला इंग्रजीत ‘बकलर’ म्हणतात, आणि ढालीवर तलवार आपटून आवाज करणारा बढाईखोर तो ‘स्वॉशबकलर’. जर्मनमध्ये याच घराण्यातला ‘बुकेल’ म्हणजे पाठीवरचे कुबड. फ्रेंच ‘बूक्ल’मध्ये कडी, कानातले आणि केसांची बट असे तिन्ही अर्थ मावतात, गाठीगाठींच्या लोकरी कापडाचे ‘बूक्ले’ हे नाव तिथलेच.

मूळ ‘बुका’ लोकांच्या बोलीत गालावरून सरकून तोंडावर आला. फ्रेंच ‘बूश’, इटालियन ‘बोक्का’, पोर्तुगीज ‘बोका’ ही त्याचीच रूपे. पणजीतल्या ‘बोका द व्हाका’ या झऱ्याचे नाव म्हणजे शब्दशः गोमुख. पट्ट्याच्या बक्कलाचा हा दूरचा नातलग गोव्यात आहे.

वस्तूचा इतिहासही लहान नाही. इंग्लंडमधील सफक परगण्यात सटन हू येथे १९३९ साली एका पुरलेल्या जहाजात सातव्या शतकाच्या आरंभीचे सोन्याचे बकल सापडले. लांबी सुमारे १३ सेंटिमीटर, वजन ४१२ ग्रॅमांहून थोडे जास्त. अंगभर एकमेकांत गुंतलेले साप आणि पशू. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे सतराव्या शतकात बकल बुटांवर आले. इंग्रज दैनंदिनीकार सॅम्युअल पीप्स यांनी २२ जानेवारी १६६० रोजी बुटांना पहिल्यांदा बकले लावली आणि तशी दैनंदिनीत नोंद केली. अठराव्या शतकाच्या अखेरीस बुटांना नाड्या आल्या आणि बर्मिंगहॅम परिसरातल्या बकल कारागिरांचे हातचे काम गेले. १७९१ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या युवराजांकडे दाद मागितली. युवराजांनी आपल्या नोकरचाकरांना बकलांचेच बूट घालायला सांगितले. फॅशन काही परतली नाही.

क्रियापदाचा मामला याहून रंजक आहे. ‘बकल’ म्हणजे घट्ट अडकवणे; आणि ‘बकल’ म्हणजेच भाराखाली वाकून निकामी होणे. हा दुसरा अर्थ फ्रेंच ‘बूक्ले’ या क्रियापदाच्या फुगणे, बाहेर येणे या छटेतून आला. प्लास्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबावी. काही वेळ ती सरळ राहते आणि मग एकदम कुशीवर फुगते. अभियंते याला ‘बकलिंग’ म्हणतात. असा बारीक खांब किती भार पेलेल याचे गणित गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात मांडले: बाकी सारे तेच ठेवून लांबी दुप्पट केली की क्षमता एक चतुर्थांशावर येते. कडक उन्हात रेल्वेचे रूळ आडवे सरकतात तेही बकलिंगच.

हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सर्वांत ताकदीने वापरले ते कवी जेरार्ड मॅनली हॉपकिन्स यांनी. १८७७ मध्ये लिहिलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ मध्ये छापलेल्या ‘द विंडहॉवर’ या सुनीतात ससाण्याचे सौंदर्य, शौर्य, डौल यांच्यामागे हे क्रियापद येते. ते सारे एकत्र जखडले जाते की मोडून पडते? समीक्षक विल्यम एम्पसन यांनी १९३० च्या ‘सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्युइटी’ या ग्रंथात सैनिकाचा पट्टा आणि वाकडे झालेले सायकलचे चाक अशी दोन्ही चित्रे त्यात दाखवली. मराठी अनुवादकाची इथे खरी कसोटी आहे: ‘जखडणे’ घेतले तर मोडणे हरवते, ‘मोडणे’ घेतले तर जखडणे.

मराठीने यातला अडकवण्याचा अर्थच घेतला. ‘बक्कळ पैसा’मधल्या ‘बक्कळ’शी या शब्दाचा घोटाळा करू नये, तो वेगळा. मराठीत आणखी एक वापर आहे तो पोलीस खात्यातला. शिपायाचा क्रमांक त्याच्या कमरेच्या पट्ट्यावरच्या पितळी बक्कलावर असे. त्यावरून तो झाला ‘बक्कल नंबर’. फिर्यादीत नाव, हुद्दा, बक्कल नंबर, नेमणूक असा क्रम आजही येतो. क्रमांक आता छातीवरच्या पट्टीवर असला तरी नाव तेच टिकले आहे. हा अर्थ इंग्रजीचा उसना नाही, महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत रोज लिहिला जाणारा आहे. मराठी शब्दकोशांनी तो ‘बक्कल’खाली ठळकपणे द्यावा.