हिरवा चिरूट

गेल्या वर्षीं अमेरिकेहून परत आलेल्या आमच्या एका स्नेह्यांनीं आमच्यापुढें एक लांकडी पेटी ठेविली. तींत दहा चिरूट होते आणि ते हिरवे होते. सावलींत वाळविलेल्या कढीलिंबाच्या पानाचा जो रंग, तोच त्यांचा रंग. चिरूट म्हटला कीं तो तपकिरी, फार तर काळसर, हा समज आमच्या मनांत इतका पक्का बसलेला कीं, प्रथम आम्हांस तो माल बुरसलेलाच वाटला. स्नेही हंसले व म्हणाले, "अहो, साठ-सत्तर वर्षांमागें तिकडे दुकानांत जाऊन नुसता चिरूट मागितला, तर बहुधा हाच हातावर पडे." हें विधान आम्हांस अतिशयोक्तीचें वाटलें; मागाहून शोध घेतां तें बव्हंशीं खरें ठरलें. एका पिढीनें जी वस्तु उत्तम म्हणून वापरावी तीच पुढल्या पिढीस कच्ची वाटावी, आणि मधल्या काळांत वस्तु मात्र फारशी पालटलेली नसावी, हा प्रकार ग्रंथांच्या बाबतींत आम्ही नित्य पाहतों. चिरुटाच्या बाबतींत तो कसा घडला, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

तत्पूर्वीं एक गोष्ट उघड सांगतों. धूम्रपानाची भलावण करण्याचा आमचा हेतु नाहीं. धूर छातींत ओढीत नाहींत म्हणून चिरूट निरुपद्रवी, असें मानणारे लोक अद्यापि भेटतात. परंतु मुखाचा व घशाचा कर्करोग चिरूट ओढणारांसही सोडीत नाहीं, हें आतां वादातीत आहे. आमचें कुतूहल रुचीच्या इतिहासाचें आहे, आणि त्यापुरताच हा धूर.

चिरुटाचीं तीन अंगें असतात. आंत दुमडून भरलेल्या पानांचें पोट, त्यास आवळून धरणारा बांध, आणि सर्वांवर गुंडाळलेलें वेष्टण. यांतलें वेष्टणाचें पान सर्वांत मोलाचें; तें पातळ, लवचीक व डागावांचून असावें लागतें. नेहमींच्या रीतीनें हीं पानें ओंवून मोठ्या वखारींत महिना-दोन महिने टांगून ठेवितात. हवा खेळती असते, घाई नसते. हिरवा रंग उतरून पिवळा होतो, पिवळ्याचा तपकिरी. मग पानांचे ढीग रचितात. ढिगाच्या पोटांत आपोआप ऊब धरते, पानांस जणूं घाम फुटतो, उग्र वास निघून जातो, आणि ढीग वरचेवर उलटे करीत कित्येक महिने ही क्रिया चालते.

हिरव्या वेष्टणाची कृति याच्या अगदीं उलट. पान वखारींत टांगतांच दारें लावून आंत उष्णता वाढवीत नेतात, ती फॅरनहाइटच्या दीडशे अंशांपलीकडे पोंचते, आणि थोड्याच दिवसांत पान वाळून खडखडीत होतें. हरितद्रव्यास नष्ट होण्यास अवसरच मिळत नाहीं. मग त्यास पुन्हां ओल दाखवून मऊ करितात, नाहीं तर हात लावतांच चुरा व्हावयाचा. पुढें ढिगांतला घामही त्यास फारसा येऊं देत नाहींत. कारण तो आला कीं रंग गेला. आमच्या घरच्या मंडळीस यांत नवल वाटलें नाहीं. उन्हांत टाकलेली मेथी व सावलींत वाळविलेली मेथी यांतला भेद त्यांस आमच्याहून अधिक ठाऊक. आणि एकाच झुडपाच्या पानांतून वेळींच उष्णता दिली असतां हिरवा चहा व न दिली असतां काळा चहा होतो, हें तर आतां सर्वश्रुत आहे. या वेष्टणास कँडेला म्हणतात. या स्पॅनिश शब्दाचा एक अर्थ विस्तव असाही आहे, आणि कृति पाहतां नांव समर्पक म्हटलें पाहिजे. क्लारो क्लारो, म्हणजे फिक्यांतला फिका, हेंही त्याचेंच नांव.

परीक्षेस आम्ही तिघे बसलों. एक रसायनशास्त्राचे निवृत्त अध्यापक, दुसरे निपाणीकडचे तंबाखूचे जुने व्यापारी, आणि तिसरे आम्ही. पेटीचे धनी स्वतः ओढीत नाहींत, त्यांच्याकडे यजमानपण. प्रत्येकानें आपलें मत कागदावर लिहावें, दुसऱ्याचें ऐकूं नये, असा ठराव होता. न पेटवितां ओंठांस लावतांच कापलेल्या गवताची गोडसर चव लागली. पहिले झुरके हलके. वाळल्या चाऱ्याचा वास, मागाहून किंचित् मिरपूड, राख फिकी व घट्ट. अर्ध्याच्या पुढें गवत मागें पडलें व साधा चिरूट उरला. आम्हीं लिहिलें: "सौम्य, शीतळ, किंचित् अपक्व." अध्यापकांनीं हिरव्या चहाची उपमा दिली होती. व्यापाऱ्यांनीं मात्र पान दोन बोटांत चोळून हुंगलें होतें आणि एवढेंच लिहिलें होतें: "पानाला घाम आलेला नाहीं."

हा घाम न आलेला चिरूट अमेरिकेस इतका कां आवडला? याचें मूळ हिरव्या रंगांत नसून फिकेपणाच्या हौसेंत आहे. १८८० नंतर सुमात्रा बेटांतलें पातळ, फिकें, डौलदार वेष्टण अमेरिकेच्या बाजारांत आलें व त्यानें तेथल्या पानास मागें सारलें. देशी शेतकऱ्यांच्या रक्षणार्थ १८९० च्या मॅक्किन्ली जकातीनें परदेशी वेष्टणावर जबर कर बसविला. तरी हौस हटेना. तेव्हां कनेक्टिकटच्या खोऱ्यांतल्या बागाइतदारांनीं १९०० सालीं शेतांवर कापडाचे मांडव उभारून सुमात्राचें बीं त्यांखालीं लाविलें. ऊन गाळून आलें कीं पान पातळ व फिकट निपजतें. रंगासाठीं शेतास छत घालण्यापर्यंत मजल गेली, यावरून गिऱ्हाइकाच्या डोळ्याचा दरारा दिसून येतो. फिकें म्हणजे सौम्य आणि गडद म्हणजे जहाल, हें समीकरण लोकांच्या मनांत बसलें होतें. तें खरें नाहीं. चिरुटाचा कडकपणा मुख्यतः पोटांतल्या पानांवर अवलंबून असतो. उलट पुष्कळ घाम दिलेलें गडद वेष्टण कित्येकदां गोड लागतें. पण डोळ्यानें एकदां निकाल दिला म्हणजे जिभेचें अपील सहसा दाखल होत नाहीं.

कँडेला या हौसेचें टोंक होय. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत खपणाऱ्या चिरुटांचा फार मोठा भाग हिरवा असे. इतका कीं, व्यापाऱ्यांच्या भाषेंत या रंगास 'अमेरिकन बाजाराची निवड' असेंच नांव पडलें. तपकिरी ती 'इंग्लिश बाजाराची', काळपट ती 'स्पॅनिश बाजाराची'. चिरूट वळून झाल्यावर त्यांस रंगाच्या छटांप्रमाणें निवडून पेटींत लावणारे स्वतंत्र कारागीर असत, आणि एका पेटींत दोन छटा दिसणें हें कारखान्यास लाजिरवाणें मानीत. एका टेबलावरून तीन राष्ट्रांच्या आवडी अशा रंगावरून वेगळ्या होत. याच कारखान्यांत कामकऱ्यांस वर्तमानपत्रें व कादंबऱ्या मोठ्यानें वाचून दाखविणारा वाचक उंच आसनावर बसे. ही चाल हवानांत १८६५ त पडली व तेथून फ्लॉरिडांतल्या टँपा शहरीं गेली. तेथें १९३१ त मालकांनीं ती मोडून काढिली. मोंतेक्रिस्तो हें विख्यात चिरुटाचें नांव डूमाच्या कादंबरीवरून आलेलें आहे, हें आमच्या वाचकांस रुचेल. व्यापाऱ्याच्या सोयीचा भागही विसरतां येत नाहीं: जें पान दिवसांत वाळतें तें महिन्यांत वाळणाऱ्या पानापेक्षां भांडवल लवकर मोकळें करितें. सौम्यतेच्या कीर्तीस या सोयीचाही हातभार लागला असावा, असें आमचें मत आहे.

मग राज्यक्रांति आली. क्यूबाच्या नव्या सरकारनें सप्टेंबर १९६० त चिरुटांचे कारखाने ताब्यांत घेतले, आणि फेब्रुवारी १९६२ त अध्यक्ष केनेडी यांनीं क्यूबाशीं होणाऱ्या व्यापारावर बंदी घातली. बंदीच्या हुकुमावर सही करण्यापूर्वीं केनेडींनीं आपल्यासाठीं हवानाचे चिरूट गोळा करावयास सांगितलें व आपण बाराशें मिळविले, असें त्यांचे वृत्तसचिव पिअर सॅलिंजर यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे. ज्यांस असा सचिव नव्हता त्यांस दुसरीकडे पाहणें प्राप्त झालें. टँपाच्या कारखान्यांचें पोट हवानाच्या पानावर भरत असे; तें पान बंद झालें. कॅमेरून, होंडुरास, डोमिनिकन प्रजासत्ताक, निकाराग्वा अशा देशांचीं पानें पुढें आलीं, आणि नव्या वेष्टणांचा रंग बहुतेक तपकिरी होता. १९६४ च्या जानेवारींत अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरील अहवाल निघाला. सिगारेटीस भ्यालेले लोक कांहीं काळ चिरुटाकडे वळले खरे, पण ती भरती लवकरच ओसरली. तिच्याबरोबर हिरवा रंगही ओसरत गेला. १९९० नंतर अमेरिकेंत चिरुटाची नवी लाट आली तेव्हां तिच्यांतल्या तरुणांस कोणी शिकविलें होतें कीं, गडद म्हणजे सखोल आणि हिरवें म्हणजे पोरकट. आजोबांचा नित्याचा चिरूट नातवास नवलाची वस्तु झाला. आज कांहीं मोजके कारखाने तो वळितात. आणि त्यांतलेही कित्येक १७ मार्चच्या सेंट पॅट्रिकच्या सणास, आयरिश लोकांच्या हिरव्या रंगाच्या प्रीत्यर्थ.

तपकिरी वेष्टणास हल्लीं 'नैसर्गिक' म्हणण्याची चाल आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. झाडावरचें पान हिरवेंच असतें. त्यास टांगून, ढिगांत घालून, महिनोगणती घाम आणून तपकिरी करणें हें जर नैसर्गिक, तर विस्तवानें त्याचा मूळचा रंग राखणें तेवढें कृत्रिम कां? दोन्ही माणसाचे उद्योग आहेत. एकाची आपणांस संवय आहे, दुसऱ्याची मोडली आहे.

संवयीच्या या दरबारांत तंबाखू आपल्याकडे प्रथम उभी राहिली तीही दक्षिणेंतूनच. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग विजापुराहून परतला. शाहजादा दानियाल व आदिलशाहाची कन्या यांच्या विवाहाच्या कामीं तो गेला होता. त्यानें येतांना विजापुरांत मिळालेली तंबाखू व एक रत्नजडित नळी आणिली आणि तीं बादशाहापुढें ठेविलीं. बादशाहानें एक-दोन झुरके घेतले. हकीम मध्यें पडला: हें औषध आमच्या ग्रंथांत नाहीं, याची पारख झालेली नाहीं, आणि फिरंग्यांच्या मागें आपण कां जावें? असदबेगाचें उत्तर असें होतें कीं, जगांतली प्रत्येक चाल कधीं तरी नवीच होती. अकबरास हें उत्तर आवडलें. मात्र तंबाखूची संवय त्यानें स्वतःस लावून घेतली नाहीं. सरदारांनीं ती लावून घेतली, आणि १६१७ त जहांगिरास मनाईचा हुकूम काढावा लागला. आजच्या वैद्यकाच्या दृष्टीनें हकीमच खरा ठरला. परंतु त्याचें कारण चुकीचें होतें. तंबाखू घातक आहे ती ग्रंथांत नव्हती म्हणून नव्हे.

हा प्रसंग वाचल्यावर आमच्या "किंचित् अपक्व" या शेऱ्याविषयीं आम्हांस शंका येऊं लागली. तो जिभेचा होता कीं रंगाचा? दुसरी बैठक ठरली. यजमानांनीं त्याच कारखान्याचा, त्याच पोटाचा, पण तपकिरी वेष्टणाचा चिरूट पैदा केला होता. आमच्या तिघांच्या डोळ्यांस पट्ट्या बांधिल्या व दोन्ही प्रकार पेटवून आळीपाळीनें हातीं दिले.

ओंठांस लागतांच गवताची गोडी तिघांनींही ओळखली. पहिल्या इंचभर कोणी चुकलें नाहीं. कँडेलाची कीर्ति निव्वळ डोळ्याची नव्हे, एवढें त्यावरून ठरलें. पण तिसरा भाग जळाल्यावर यजमानांनीं चिरूट पुन्हां अदलून-बदलून दिले, तेव्हां अध्यापक चुकले व आम्हीही चुकलों. व्यापारी चुकले नाहींत. आम्हीं त्यांच्या जिभेची वाखाणणी केली, तों ते म्हणाले, "जिभेचं काय घेऊन बसलात? अंगठ्यानं ओळखलं. हिरवं पान कागदासारखं लागतं."

पट्ट्या सोडून टिपणें पाहिलीं. ज्या हिरव्या चिरुटास उघड्या डोळ्यांनीं आम्हीं "सौम्य, शीतळ" म्हटलें होतें, त्यालाच अंधारांत "कडक, बहुधा तपकिरी" असें लिहिलें होतें. "अपक्व" हा शब्द त्या दुसऱ्या कागदावर कोठेंच नव्हता.

दोन्ही कागद आम्हीं घडी करून त्याच पेटींत ठेविले आहेत. चार हिरवे चिरूट उरले आहेत. पेटी खिडकीशीं राहिल्यामुळें त्यांतल्या वरच्या दोहोंचा रंग उजेडाच्या बाजूस पिवळा पडूं लागला आहे.