वृद्ध स्त्रिया आणि सामूहिक खेळ : मनोर परिसराच्या संदर्भात

उतारवयात स्त्रीचे खेळणे का थांबते, या प्रश्नाचे उत्तर केवळ शरीरधर्मात सापडत नाही. ते आचारधर्मातही शोधावे लागते. महाराष्ट्रातील ब्राह्मणादी समाजांत नवविवाहितेने श्रावणातील मंगळवारी मंगळागौर पुजावयाची, असा प्रघात आहे. रात्रीच्या जागरणात फुगडी, झिम्मा, पिंगा, सूप नाचविणे इत्यादी खेळ होत. फुगडीत तोलाचा व पायांतील बळाचा कस लागे, तर झिम्म्यात हातांच्या चपळाईचा. परंतु या रिंगणातील प्रवेश वयावर नव्हे, सौभाग्यावर अवलंबून असे. वैधव्य येताच खेळ संपे. घरकामाची अंगमेहनत मात्र सुटत नसे.

मनोर व पालघर भागातील वारली वस्त्यांत निराळी रीत आढळते. तेथे तारपा वाजविणाऱ्याभोवती स्त्रीपुरुष एकमेकांस धरून फेर धरतात. हा नाच भाताच्या सुगीशी निगडित असल्यामुळे सौभाग्याच्या अधिकाराचा प्रश्न त्यात उद्भवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढील व्यक्तींस आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व बळ वाढविणारा व्यायाम सुचविला. झिम्मा आणि सावकाश धरलेला फेर यांतून त्याचा बराच अंश सहज साधतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याचे महत्त्व या दृष्टीनेही आहे. वृद्ध स्त्रियांना खेळास प्रवृत्त करावयाचे, तर नवे खेळ शोधण्यापूर्वी जुन्या रिंगणाची अट काढून टाकणे अगत्याचे ठरते.