टायर पुन्हा बसवायचा की बदलायचा? असं ठरवा

खड्ड्यात आपटलेला टायर परत गाडीला लावायचा का? 'हवा टिकतेय ना, मग चालेल' हे उत्तर पुरेसं नाही. टीपीएमएस, म्हणजे टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी सिस्टिम, हवा कमी झाली की सांगते. आतले धागे तुटलेत का, हे तिला कळत नाही.

म्हणून आधी साइडवॉल बघा. टायर निघालेलाच असतो, तेव्हा मोबाइलचा टॉर्च तिरका धरून दोन्ही बाजू तपासा. फुगा दिसला की टायर बाद! यावर दुरुस्ती नाही. 'थोडे दिवस चालवा' म्हणणारे भेटतील, ऐकू नका. असा टायर हायवेवर अचानक फुटू शकतो. रबर कापून आतले धागे दिसत असतील तरी तेच.

पंक्चर नक्षीच्या मधल्या भागात असेल आणि छिद्र ६ मिमीपेक्षा मोठं नसेल, तर सहसा दुरुस्ती होते. कडेला किंवा साइडवॉलवर असेल तर नाही. बाहेरून घातलेली स्ट्रिप मी तात्पुरतीच धरतो. टायर रिमवरून उतरवून आतून बघायला सांगा. हवा नसताना गाडी चालली असेल तर आत रबराचा काळा भुगा सापडतो, मग पॅचचा खर्च वाया.

नक्षी १.६ मिमीपर्यंत झिजली असेल तरी नवाच घ्या. खाचांमधले छोटे उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आले की ती वेळ आली. वय डीओटी कोडच्या शेवटच्या चार आकड्यांत असतं: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. स्टेपनीचाही बघा, न वापरताही रबर जुनं होतं.