वाट चुकलेल्यांचे गाव

म्हातारपणी बुद्धी भ्रमू लागली की आपल्या घरांत तिला एक शब्द ठरलेला असतो : म्हातारचळ. जेवून उठलेले आजोबा पुन्हा ताट मागू लागले की माजघरात हा शब्द कुजबुजला जातो आणि पाहुणे आले की मधले दार लोटून घेतले जाते. शब्द दुष्टपणाने वापरला जातो असे नाही. पण तो उच्चारला की विचार थांबतो. चळ लागलेल्या माणसाचे ऐकावयाचे ते काय? ‘स्मृतिभ्रंश’ हा गीतेतला शब्द डॉक्टरांच्या कागदावर आला. घरात मात्र तो अजून शिरलेला नाही.

असाच एक शब्द एका देशाने विचारपूर्वक टाकून दिला. तो देश जपान. आणि शब्द टाकण्यापूर्वी व टाकल्यानंतर तेथे जे घडले, ते आपणही ध्यानात घ्यावे असे आहे.

वृद्धांच्या कल्याणाचा कायदा जपानने १९६३ सालीच केला होता. पण बुद्धी हरवलेल्या म्हाताऱ्याचे ओझे घरच्या सुनेने मुकाट्याने वाहावे, हीच तेव्हाची रीत. १९७२ साली सावाको आरियोशी या लेखिकेने ‘कोकोत्सु नो हितो’ ही कादंबरी लिहिली. नायिका आकिको वकिलाच्या कचेरीत टंकलेखनाचे काम करते. सासू अचानक जाते, आणि आयुष्यभर जिच्याशी तुसडेपणाने वागला त्याच सुनेच्या हाती सासरा येऊन पडतो. त्याला पोटचा मुलगा ओळखू येत नाही. सून तेवढी ओळखू येते! नवरा कामाच्या सबबीवर दूर राहतो, आणि बाहेर मदत मागावयास जावे तर हाती फारसे काही लागत नाही. या पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. घरोघरी दाराआड जे चालले होते ते प्रथमच चारचौघांत बोलले जाऊ लागले.

पुढे १९८० साली क्योतो शहरात अशा रुग्णांच्या कुटुंबीयांनी आपली संघटना काढली. एकमेकांपाशी बसावे, रडावे, युक्त्या सांगाव्यात, आणि सरकारकडे गाऱ्हाणे न्यावे, असे तिचे साधे काम. २००० साली शुश्रूषेचा सार्वजनिक विमा सुरू झाला. चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाने त्याचा हप्ता भरावयाचा. २००४ साली क्योतोला भरलेल्या जागतिक परिषदेत स्वतः या आजाराने ग्रासलेला एक जपानी गृहस्थ उभा राहून आपल्याविषयी बोलला. ज्याचे ऐकावयाचे नसते असे समजत, तोच बोलत होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरकारने ‘चिहो’ हा जुना शब्द सोडला. त्याची दोन्ही अक्षरे मूढपणा सुचविणारी. त्याऐवजी ‘निन्चिशो’, म्हणजे आकलनाचा विकार, हे नाव आले.

परंतु नाव बदलल्याने वाट चुकलेला म्हातारा घरी परत येत नाही. त्यासाठी रस्त्यावरचा माणूस लागतो. क्यूशू बेटावर ओमुता नावाचे गाव आहे. मिइके येथील कोळशाच्या खाणीवर ते वाढले. १९९७ साली खाण बंद पडली, तरुण निघून गेले, म्हातारे राहिले. तेथील एका वस्तीने २००४ साली एक रंगीत तालीम सुरू केली. एकाने वाट चुकलेल्याचे सोंग घ्यावयाचे. वय, कपडे, ठेवण यांचा निरोप सर्वत्र पाठवावयाचा. आणि दुकानदार, गृहिणी, शाळकरी पोरे यांनी त्याला हुडकून त्याच्याशी बोलावयाचे. हुडकण्यापेक्षा बोलणे कठीण, हे लवकरच ध्यानात आले. गावातील शाळांतून मुलांना या आजारावरचे चित्रमय पुस्तक वाचून दाखविले जाऊ लागले. पुढे ‘हाइकाइ’, म्हणजे निरुद्देश भटकणे, हा शब्दही ओमुताने तालमीच्या नावातून काढून टाकला. चालणाऱ्याच्या मनात काही ना काही उद्देश असतोच. तो आपल्याला कळत नाही, इतकेच.

२००५ पासून देशभर दीड तासाचे वर्ग सुरू झाले. शिकवण तीन गोष्टींची : दचकवू नका, घाई करू नका, मान दुखवू नका. वर्ग पुरा करणाऱ्याला खूण म्हणून नारिंगी कडे मिळे. असे वर्ग केलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे.

हे सारे सुखाचे वाटेल, म्हणून एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. डिसेंबर २००७ मध्ये आइची प्रांतातील ओबु गावी ९१ वर्षांचा एक वृद्ध घरातून निसटला आणि आगगाडीखाली सापडला. त्याच्या शुश्रूषेसाठी सून योकोहामाहून येऊन जवळ राहिली होती. ती क्षणभर बाजूला गेली, आणि ८५ वर्षांच्या पत्नीचा डोळा लागला. एवढाच काय तो अपराध! रेल्वे कंपनीने नुकसानभरपाई मागितली. २०१३ साली खालच्या न्यायालयाने पत्नी व थोरला मुलगा यांच्यावर सुमारे ७२ लाख येन बसविले. वरच्या न्यायालयाने रक्कम निम्मी करून ती एकट्या पत्नीवर ठेवली. १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मुक्त केले. जो जवळ राहून सेवा करतो तोच दोषी ठरणार असेल, तर जवळ कोण राहील? दाराला कुलूप घालणे हाच मग शहाणपणा ठरता. आठ वर्षांहून अधिक काळ हा प्रश्न त्या कुटुंबाच्या डोक्यावर टांगलेला होता.

१ जानेवारी २०२४ पासून जपानात या आजारासंबंधीचा मूलभूत कायदा अमलात आला. तरीही वाट चुकण्याचे थांबलेले नाही. २०२२ या एका वर्षी १८,००० हून अधिक अशा माणसांच्या हरवल्याच्या नोंदी पोलिसांत झाल्या. कायदा, विमा, कडे यांनी आजार बरा होत नाही. होते ते इतकेच, की पहारा देणारी एकटी सून एकटी राहत नाही.

आपल्या खेड्यांत पारावरचा माणूस येणाऱ्याजाणाऱ्याला ‘कुठं निघालात?’ असे सहज विचारतो. पण ते ओळखीच्या माणसाला. ओमुताच्या पोरांनी तोच प्रश्न अनोळखी म्हाताऱ्याला, समोरून येऊन, हळू आवाजात विचारावयास शिकून घेतला. शिकविल्याशिवाय तो येत नाही, आणि शिकविला तर दहा वर्षांच्या पोरालाही येतो. आपल्या शाळांना हे जमण्यासारखे आहे. मात्र त्याआधी माजघरातला तो एक शब्द गिळावा लागेल, आणि मधले दार उघडे ठेवावे लागेल.