हिमरेषा आणि ओली कांच

पर्वतदर्शनाची हौस आपल्याकडे पुरातन आहे. परंतु पर्वताचें हुबेहूब प्रतिबिंब कागदावर उतरवून घरीं आणावयाचें, ही हौस एकोणिसाव्या शतकांतली. तिची किंमत कोणीं भरली हें सॅम्युअल बोर्न ह्या इंग्रज छायाचित्रकाराच्या हकीकतीवरून चांगलें कळतें.

बोर्न हा मूळचा नॉटिंगहॅम येथील एका पेढीवरचा कारकून. १८६३ च्या आरंभीं तो कलकत्त्यास उतरला, आणि त्याच वर्षीं सिमल्याहून सतलजच्या खोऱ्यांत त्यानें पहिली सफर केली. २९ जुलैला तो निघाला, १२ ऑक्टोबरला परतला. बरोबर सुमारें ३० हमाल होते. परततांना त्याच्यापाशीं १४७ चित्रांच्या कांचा होत्या. पुढल्या वर्षीं तो ४२ हमाल घेऊन काश्मिरांत गेला, व १८६६ सालीं कुलू, लाहौल, स्पिती आणि गंगोत्री असा फिरला.

एका छायाचित्रकाराला इतकीं माणसें कशास हवींत, असें खिशांतलें यंत्र काढून बोट दाबणाऱ्या आजच्या वाचकास वाटेल. त्या काळचा विधि ऐकावा. नत्राम्लाचा संस्कार केलेला कापूस ईथर व मद्यार्क यांत विरघळवून जो चिकट द्रव होई, त्याला कलोडियन म्हणत. तो १२ इंच लांब, १० इंच रुंद कांचेवर सारखा पसरावयाचा. कांच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावांत बुडवावयाची. ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें. आणि ती वाळण्यापूर्वीं काळोख्या तंबूंत नेऊन चित्र प्रकट करावयाचें. एवढें सारें १०-१५ मिनिटांत उरकावें लागे. म्हणजे जेथें चित्र तेथें प्रयोगशाळा! कांचांच्या पेट्या, आम्लांच्या बाटल्या, तंबू, धुण्याचें पाणी, हें सर्व माणसांच्या पाठीवरून डोंगर चढे.

त्यांतून बर्फाची अडचण निराळीच. ह्या कांचेला निळ्या-जांभळ्या प्रकाशाचेंच काय तें ज्ञान असे. हिरवा देवदार तिला काळाकुट्ट दिसे, आणि निळें आकाश बर्फाइतकेंच पांढरें. वृक्षांच्या मानानें प्रकाश द्यावा तर शिखर आकाशांत विरून जाई. शिखराच्या मानानें द्यावा तर खालचें खोरें शाईसारखें होई. वृक्ष, खडक आणि हिम हीं जेथें एका चौकटींत येतात तो हिमरेषेजवळचा प्रदेश म्हणूनच सर्वांत दुर्घट. ऊन तिरपें असून उतारांवर सावल्या पडलेल्या असतील तेव्हांच बर्फाला आकार येतो. ती वेळ साधण्यांत बोर्नचें खरें कौशल्य होतें.

हिमरेषा सर्वत्र एकाच उंचीवर असते असेंहि नव्हे. रिचर्ड स्ट्रॅची यानें १८४९ सालीं दाखवून दिलें कीं, हिमालयाच्या दक्षिण अंगास ती सुमारें १५,५०० फुटांवर, तर तिबेटकडील अंगास सुमारें १८,५०० फुटांवर आहे. उत्तरेस जावें तों बर्फ वर सरकावें, हें प्रथम चमत्कारिक वाटतें. पण पावसाळी ढग अलीकडेच रिते होतात, पलीकडे मुळांत हिमच थोडें पडतें. स्पिती आणि किन्नौर यांमधील मणिरंग खिंडीवर बोर्ननें १८६६ सालीं कॅमेरा मांडला. तिची उंची त्यानें १८,६०० फूट दिली आहे, म्हणजे येवढें चढूनहि तो ह्या रेषेच्या आसपासच होता. पुढें सुमारें २० वर्षें इतक्या उंचीवरून कोणीं छायाचित्र घेतल्याची नोंद नाहीं.

ह्या सफरींचें वर्णन त्यानें स्वतःच ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ ह्या पत्रांत छापलें. तें मनोरंजक आहे, पण वाचतांना मन अस्वस्थ होतें. वाटेंत हमाल ओझीं टाकून पळत. अशा एका प्रसंगीं आपण काठी घेऊन निघालों, घरांत दडलेल्यांना शोधून काढलें आणि काठीचा प्रसादहि दिला, हें तो कसलाहि संकोच न बाळगतां सांगतो. ते पळत कां, हा प्रश्न त्याला फारसा पडत नाहीं. पहाडी मुलखांत साहेबाचें ओझें वाहण्यास गांवानें माणसें पुरवावयाचीं, असा बेगारीचा रिवाज होता; ज्याला आपण वेठ म्हणतों तोच. ऐन शेतीच्या दिवसांत, अंगावर पुरेसें वस्त्र नसतां, कांचांची पेटी घेऊन हिमांतून कोण खुषीनें चालेल? कुमाऊंतील लोकांनीं ह्या बेगारीच्या वह्या बागेश्वर येथें सरयूच्या पात्रांत बुडविल्या, त्या १९२१ च्या जानेवारींत. बोर्नच्या सफरीनंतर अर्धशतक उलटून गेल्यावर.

गंमत अशी कीं, एवढा खटाटोप करूनहि बोर्नचें समाधान पुरतें झालें नाहीं. स्वित्झर्लंडांत जशीं तळीं आणि टुमदार खेडीं चित्रांत आपोआप येऊन बसतात तशीं येथें नाहींत, हिमालय फार अवाढव्य, असें त्याचें गाऱ्हाणें. हा दोष हिमालयाचा नव्हे, चौकट घरून बांधून आणणाराचा, असें आम्हांस वाटतें. तथापि त्याचीं चित्रें उत्तम आहेत, हें नाकारणें अन्यायाचें होईल.

आणि तीं आज निराळ्याच कामास येतात. गोमुखाशीं गंगा ज्या बर्फाच्या गुहेंतून बाहेर पडते तिचें चित्र त्यानें १८६६ सालीं घेतलें. पुढें १९३५ सालीं ऑडेन ह्या भूशास्त्रज्ञानें त्याच हिमनदाच्या मुखाची मोजणी केली. तेव्हांपासून तें मुख एक किलोमीटरहून अधिक मागें हटलें आहे. ज्याला केवळ देखावा हवा होता त्याच्या चित्रांत आतां बर्फाची कड शोधतात.

बोर्न १८७० सालीं मायदेशीं परतला, कापसाच्या सुताच्या धंद्यांत पडला, जलरंगांत चित्रें काढूं लागला, आणि १९१२ सालीं वारला. कांचा मात्र कलकत्त्यासच त्याच्या ‘बोर्न अँड शेफर्ड’ ह्या पेढींत राहिल्या. १९९१ सालीं तेथें आग लागून संग्रहाचा मोठा भाग जळाला, आणि २०१६ सालीं पेढीहि बंद झाली. कागदावरील प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत व इतरत्र पाहावयास मिळतात. त्यांवर खिंडीचें नांव असतें, उंचीचे फूटहि कोठें कोठें असतात. ओझें वाहणारांपैकीं एकाचेंहि नांव नसतें.