गळ्याखालची गाठ

आमच्या घरात वयाने माझ्या आईहून वडील कोणी नाही. परंतु ज्याच्या त्याच्या जातीच्या आयुर्मानाने हिशेब करायचा ठरवला, तर पहिला मान रावसाहेबांना द्यावा लागेल. रावसाहेब म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत राहणारा आमचा एंजल मासा. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या संथ पाण्यातला. अंग रुपयासारखे चपटे, त्यावर उभे काळे पट्टे आणि वर-खाली शिडासारखे पर. त्याचा डौल पाहून माझ्या मुलीने त्याला हे नाव दिले. आणि तिसऱ्या वर्षी रावसाहेबांनी एका पानावर अंडी घातली! पण एकदा पडलेले नाव आपल्याकडे कोण बदलतो? रावसाहेब ते रावसाहेबच राहिले.

चांगली निगा राखली तर हा मासा दहा वर्षांच्या आसपास जगतो. रावसाहेब आता आठ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षापासून म्हातारपणाची लक्षणे दिसू लागली. एक डोळा धुरकटला, परांच्या कडा विरल्या, खाणे समोरून तरंगत गेले तरी दिसेना. त्यात यंदा गणपतीच्या सुमारास गळ्याखाली लालसर गाठ दिसली. पंधरा दिवसांत ती वाटाण्याएवढी झाली आणि एका बाजूचे कल्ल्याचे झाकण नीट मिटेना.

ज्या दुकानातून मासा आणला होता, तिथे जाऊन विचारले. दुकानदार म्हणाला, "मास्तर, कॅन्सर आहे. काढून टाका आणि नवी जोडी घेऊन जा. दिवाळीत घराला शोभा येईल."

घरी येऊन मी हे सांगितले, तेव्हा आई वाती वळीत बसली होती. तिचा हात थांबला आणि नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला. ती म्हणाली, "अरे, माझ्या मावशीच्या गळ्याला अशीच गाठ होती. तिचं लग्न जमलं नाही ते नाहीच. लोक म्हणायचे, वाईट रोग आहे, पोरीला जवळ घेऊ नका. आणि ती तर ऐंशी वर्षं जगली."

आईचे माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी. त्या भागात तशा गाठी पुष्कळांना असत, हे मी लहानपणी ऐकले होते. पण माशाच्या गाठीचा आणि मावशीच्या गाठीचा काही संबंध असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते; वैद्यकातले मला काही कळत नाही. परंतु मास्तराला एक खोड असते : प्रश्न सुटला नाही तर त्याला झोप लागत नाही. मी पुस्तके धुंडाळली, आणि जी हकीकत हाती लागली ती वाचकांपुढे ठेवतो.

गलगंड हा रोग आपल्याला फार जुना ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे. त्याचे कारण मात्र शतकानुशतके कळले नव्हते. १८११ साली कुर्त्वा नावाच्या फ्रेंच कारखानदाराला समुद्रशेवाळाच्या राखेत आयोडीन सापडले. १८२० साली जिनिव्हाच्या क्वांदे नावाच्या डॉक्टराने ते गलगंडावर दिले. पण मात्रा किती हे नीट न कळल्यामुळे काही रोग्यांना अपाय झाला आणि औषध बदनाम झाले. पुढे १८९५-९६ च्या सुमारास बाउमान या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीतच आयोडीन असते.

आता मासे येतात. १९०९-१० च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधल्या मत्स्यपैदास केंद्रात ट्राउट माशांच्या गळ्याखाली मोठमोठ्या गाठी येऊ लागल्या. हा थायरॉइडचा कर्करोग आहे, असे तज्ज्ञांचे मत पडले. मत अगदीच बिनबुडाचे नव्हते. माणसाची थायरॉइड एका आवरणात नीट बांधलेली असते. बहुतेक माशांत ती कल्ल्यांच्या मधल्या भागात, रक्तवाहिनीच्या भोवती विखुरलेली असते. ती वाढली की शेजारच्या स्नायूंत आणि हाडांत घुसते. कर्करोगही नेमका असाच घुसतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसणार!

तपासणीसाठी डेव्हिड मरीन नावाचा तरुण डॉक्टर आला. क्लीव्हलंड शहरात रस्त्यावरच्या कुत्र्यांचे सुजलेले गळे पाहून त्याने गलगंडाचा अभ्यास आधीच सुरू केला होता. त्याने पाहिले, की हौद माशांनी खच्चून भरले आहेत, वाहते पाणी अपुरे आहे, आणि खायला जनावरांचे काळीज वगैरे घातले जात आहे. त्याने पाण्यात अगदी थोडे आयोडीन मिसळून पाहिले. गाठी ओसरू लागल्या. खाण्यात समुद्राची मासळी दिली, तरीही गुण येई. ज्याला कर्करोग म्हणत होते तो साधा गलगंड निघाला. काही कर्करोगतज्ज्ञांना हे पटले नाही आणि वाद काही वर्षे चालू राहिला. पण माशांनी आपली साक्ष दिलेली होती.

मरीन तिथे थांबला नाही. जे माशाला, ते मुलाला का नाही? १९१७ साली त्याने किंबॉल या सहकाऱ्याबरोबर ओहायोतल्या ॲक्रन गावच्या शाळांतील मुलींना वर्षातून दोनदा आयोडीनचे क्षार द्यायला सुरुवात केली. ते घेणाऱ्या २,१९० मुलींपैकी केवळ ५ जणींची ग्रंथी वाढली. न घेणाऱ्या २,३०५ मुलींपैकी ४९५ जणींची. शाळामास्तर म्हणून हे आकडे मी दोनदा वाचले. ४९५ मुली म्हणजे आमची अख्खी शाळा! १९२४ साली मिशिगन राज्यात आयोडीनयुक्त मीठ दुकानांत आले.

आपल्या देशात १९५६ पासून हिमालयाच्या कुशीतल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांत आयोडीन घातलेले मीठ दिले, तिसऱ्यात साधे. काही वर्षांत पहिल्या दोन भागांतला गलगंड स्पष्टपणे घटला. मग तिसऱ्या भागालाही तेच मीठ मिळाले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा मावशी चाळिशी ओलांडून गेली होती. तिच्या पदरात हे मीठ फार उशिरा पडले.

हे सारे वाचून मी टाकीकडे नव्या नजरेने पाहिले. टाकीत गर्दी झाली होती. पाणी बदलायचा माझा आळस वाढला होता, आणि पाण्यात साठणारे नायट्रेट आयोडीनच्या वाटेत आडवे येते. खाणे म्हणजे वर्षानुवर्षे एकाच डब्यातल्या त्याच गोळ्या. पाण्यात आयोडीन घालण्याचे धाडस मी केले नाही. मात्रा चुकली तर औषधच विष होते. सहा मासे शाळेच्या टाकीत हलवले. दर रविवारी थोडे थोडे पाणी बदलू लागलो. बायको म्हणाली, "अहो, कोलंबी आणलीच आहे, तर त्यातलीच एखादी बारीक करून त्यांनाही द्या की!" तेव्हापासून रावसाहेबांची पंगत आमच्याबरोबर बसते.

म्हाताऱ्या माशाला खरीखुरी अर्बुदेही होतात आणि त्यांच्यावर असा उपाय चालत नाही, हे मला ठाऊक आहे. आमची गाठ कोणती, ते छातीठोकपणे सांगणारा मी कोण? एवढे मात्र खरे, की दसऱ्यापर्यंत ती निम्मी झाली आणि कल्ल्याचे झाकण पुन्हा मिटू लागले. डोळा तसाच धुरकट आहे. म्हातारपण काही उतरले नाही, आणि ते उतरवणारे मीठ अजून निघालेले नाही.

काल संध्याकाळी आईने टाकीजवळ पणती ठेवली. रावसाहेब उजेडाच्या बाजूला सरकले. आई त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मावशीचं नाव सुंदरा होतं. तुला ते कधी सांगितलं नव्हतं, नाही का?"